हालस्टरची तेरवी

माझ्या भाऊजींनी बेल्जियममधल्या एका विमान कंपनीचं सुतक धरलं, तेव्हा त्यांच्या मुलीच्या लग्नाला जेमतेम महिना उरला होता. पत्रिका छापून आल्या होत्या, मांडववाला ठरला होता, आचारी ठरला होता. मुलीचा मामा म्हणून मीही मूर्तिजापूरच्या टेलरकडे नवा पांढरा सदरा टाकला होता, आणि या खेपेला तरी तो बगलेत काचू नये म्हणून त्याच्याशी भांडून आलो होतो. सोयरीक मीच जुळवलेली. लग्न मोडलं असतं तर लोकांनी भाऊजींना वेडं म्हटलं असतं आणि मला मूर्ख. वेड्याला लोक सांभाळून घेतात, मूर्खाला कोणी घेत नाही.

मी शेषराव, एस.टी.तला निवृत्त कंडक्टर. नोकरीभर लोकांना पुढं सरकवलं, दारात लोंबकळणाऱ्यांना आत घातलं, झोपलेल्यांना उठवून उतरवलं. पण भगवंत होले या माणसाला, म्हणजे माझ्या माणिकताईच्या नवऱ्याला, त्यांच्या जागेवरून तसूभर सरकवणं मला कधी जमलं नाही.

भाऊजी अंजनगाव सुर्जीला राहतात. काळं रान थोडं, पण पाण्याचं. भेंडी, मिरची, शेवगा, बांधाला झेंडू. माणूस बोलायला गोड, व्यवहाराला चोख, आणि एका बाबतीत पार कामातून गेलेला. ज्यानं आपलं वझं वाहिलं तो आपल्या घरचा, असं त्यांनी कधीतरी मनाशी ठरवून टाकलं आहे. बैलांपुरतं हे कोणालाही पटेल. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात आणि त्यांना म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." भाऊजी तेवढ्यावर थांबले नाहीत. डोक्यावरच्या टोपल्यापासून मालाच्या ट्रकपर्यंत सगळ्यांशी त्यांनी नातं लावलं. मला ते मान देतात तोही मी बायकोचा भाऊ म्हणून नाही. "शेषराव लोकायले वाह्यते," असं ते चारचौघांत सांगतात.

मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी आमची छोटी गाडी, शकुंतला, बंद पडली तेव्हा भाऊजी मूर्तिजापूरला आले. मला वाटलं आमच्याकडे आले. ते थेट स्टेशनावर गेले आणि छोट्या लाइनीच्या फलाटावर, मयताच्या घरी बसतात तसे, हात गुडघ्यांत घालून बसले. मी चहा घेऊन गेलो.

"इथं चहा कसा पेऊ?" ते म्हणाले. "माह्या बापाचा कापूस नेला तिनं. भेटाले आलो."

स्टेशनातल्या माणसानं कोणाला भेटायचंय म्हणून विचारलं, तर त्यांनी रुळांकडे बोट दाखवलं. मग उठले, रुळांना हात जोडले, आमच्या घरी आले आणि अंघोळ केल्याशिवाय उंबरठा ओलांडेनात. माझ्या बायकोनं मुकाट्यानं बादली भरून दिली, कारण शेजारीण गच्चीवरून बघत होती.

हालस्टर एअर कार्गो ही त्यांच्या आयुष्यात आली ती नागपूरमार्गे. त्या काळात या कंपनीचं मालाचं विमान आठवड्यातून एकदा नागपूरला उतरायचं. तिथल्या एका एजंटला परदेशातल्या देशी दुकानांसाठी ताजी भाजी हवी होती. भाऊजींच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पत्र्याची शेड उभी राहिली. गावातल्या बाया भेंडी निवडायच्या, पेट्या भरायच्या, बर्फाच्या पिशव्या घालायच्या आणि दुपारी गाडी नागपूरला निघायची. शेडवर उडत्या पांढऱ्या पाखराचा बोर्ड लागला आणि भाऊजींना तसंच पाखरू असलेली निळी टोपी मिळाली. लग्नामुंजीत, बाजारात, शेतात, सगळीकडे ती टोपी. दर वर्षी येणारं विमानाचं कॅलेंडर त्यांनी देवघरात लावलं. दसऱ्याला देवांच्या आधी विमानाला सोनं. माझी ताई एकदा चिडून म्हणाली, "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे मले समजते. पन यायनं तं ढोल बांधला!"

विमान जवळून बघायची त्यांना फार इच्छा. एजंटला गळ घालून घालून त्यांनी शेवटी दोघांसाठी आत जायचा पास मिळवला, आणि दिवस निवडला पोळ्याच्या आदल्या दिवसाचा. मी सोबत होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. त्या जंबो विमानानं आमच्यासमोर आपलं नाक वर उचललं आणि आ वासला. आत जमिनीला चाकंच चाकं, त्यावरून माल ढकलत पार शेपटीपर्यंत नेत होते. दाराशी एक उंच, लालबुंद गोरा उभा होता. त्याचं नाव वाउटर. कोणतं वजन पुढं, कोणतं मागं, हे ठरवणं त्याचं काम, आणि चुकीच्या जागी ठेवलेल्या मालावर तो ज्या पट्टीत ओरडत होता ती ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. विमानालाही कंडक्टर असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आम्ही बघतोय तोवर भाऊजींनी पिशवीतून स्टीलची डबी काढली आणि ते विमानाच्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसले. डबीत लोणी-हळद. पहारेकरी धावला, एजंटनं कपाळाला हात लावला. वाउटर आला आणि हे काय चाललंय म्हणून त्यानं विचारलं. एजंट घाम पुसत इंग्रजीत सांगू लागला की वजन ओढून ओढून खांदा दुखतो, म्हणून मालिश. वाउटरनं वाकून डबीतल्या लोण्याचा वास घेतला. मग म्हणाला, त्याचा आजोबा गाडीच्या घोड्यांच्या मानेला डुकराची चरबी चोळायचा. चाकाला काही लावणं नियमात बसत नव्हतं, तेव्हा त्यानंच फडकं घेऊन टायर पुसला, पण वरच्या लोखंडी दांड्यावरचं हळदीचं बोट राहू दिलं. भाऊजींनी त्या विमानाच्या पोटाखाली उभं राहून हात जोडले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

नंतर वाउटरनं आपल्या डब्यातला पाव आणि चीज त्यांना दिलं. भाऊजींनी अंजनगावच्या मळ्यातल्या पानाचा विडा त्याला दिला, तो त्यानं थुंकायचं माहीत नसल्यानं अख्खा गिळला. विमान उडालं तेव्हा तो उचक्या देत होता, असं एजंटनं दुसऱ्या दिवशी कळवलं. भाऊजींच्या लेखी ते एका ताटात जेवणं झालं. त्या दिवसापासून हालस्टर घरची झाली.

प्रतीक्षा त्यांची एकुलती एक. अंजनगावातच एका लॅबमध्ये रक्त तपासते, बापाचा हट्टीपणा तिच्यातही आहे, पण आईच्या अकलेची जोड असल्यामुळे तो खपून जातो. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या पुंजाजींचा नातू रोहित मी तिच्यासाठी सुचवला. भाजीबाजारात जुनी गादी, घर मोर्णेच्या काठच्या गल्लीत, माणसं सरळ. पोराला पोरगी आवडली, पोरीला पोरगा. बैठकीला पुंजाजी आणि त्यांच्या पत्नी दुर्गाबाई स्वतः आल्या. पुंजाजी म्हणाले, "घरान्याचं काही सांगा बावा."

भाऊजींनी सांगितलं, पण हालस्टरच्या घराण्याचं.

"दोघं भाऊ होते," ते मांडी घालून सुरू झाले. "घरी कोंबड्यायचा धंदा. मोडीत निघालेलं एक पंख्याचं विमान घेतलं, खुर्च्या उपटून फेकल्या अन् एका दिवसाचे पिल्लं न्याले लागले. विमानातून नुसता चिवचिवाट. मंग आफ्रिकेतून फुलं आनले. मंग घोडे. मंग थोरल्यानं मासे वाहनारी एक कंपनी घेतली, धाकट्यानं पार्सलवाली घेतली. चार विमान कंपन्या, एक दुरुस्तीचा कारखाना, असा गोतावळा झाला, त्याले गट म्हनतात. आता त्याईचा धंदा पाहा. दुसऱ्या कंपनीले विमान पायजे तं हे भाड्यानं देतात. विमान त्याईचं, चालवनारा त्याईचा, तेल दुसऱ्याचं. म्हनजे काय? बैल आमचे, गडी आमचा, कडबा तुमचा!"

माणिकताई पदरानं तोंड झाकून आत गेली. मला वाटलं, संपलं. पण पुंजाजी मान डोलवत म्हणाले, "कडबा ज्याचा त्यानं द्यावा, हे बराबर हाये." त्यांनी सोयरीक पक्की केली. एकच अट घातली. लग्न यंदाच्या उन्हाळ्यातच. दुर्गाबाईंची नजर दिवसेंदिवस जात चालली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. दिसतंय तोवर त्यांना नातसून बघायची होती.

आणि मग पत्रिका वाटायला निघायच्या दिवशी प्रतीक्षानं मोबाइलवर बातमी वाचली. हालस्टर गट बुडाला. तिथल्या कोर्टानं दिवाळं जाहीर केलं, विमानं जागच्या जागी उभी राहिली. तिनं ती बातमी बापाला वाचून दाखवली, आणि तिथंच चूक झाली. भाऊजींनी डोक्यावरची टोपी काढली, विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरात येऊन खाली चटईवर बसले.

"वर्षभर या घरात कार्य होनार नाई," ते म्हणाले. "घरचं मानूस गेलं."

ताईचा फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीनं अंजनगाव गाठलं. घरात बिनफोडणीचं वरण शिजत होतं. ताई चुलीसमोर धुमसत होती. "माही सासू गेली तवा यायनं आठव्याच दिवशी फोडनी मागतली होती," ती म्हणाली. "आईपेक्षा विमान मोठं झालं काय गा शेषराव?"

मी भाऊजींवर आवाज चढवला. दारात लटकणाऱ्या पोरांवर चढवायचो तेवढा. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "तुमचं बराबर हाये. पन मी तं जिवंतपनी तिले घरची म्हनलं. आता मेल्यावर परकी कशी म्हनू?"

प्रतीक्षा मला मागच्या अंगणात घेऊन गेली. ती रडत नव्हती, चिडलेली होती. "मामा, मले रोहितच पायजे. वर्षभर थांबाले मी तयार हावो, तो तयार हाय. पन आजीले दिसनार नाई, अन् त्याच्या घरचे आजीसाठी दुसरीकडं पाह्यतील. बाबा मले विमानापायी घरी बसवून राह्यले. काही करा." या पोरीचं लग्न मोडू द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

पहिला प्रयत्न तिनंच केला. आकाशातली विमानं दाखवणारं एक ॲप तिनं मोबाइलवर घेतलं आणि हालस्टरचं तेच जुनं जंबो शोधून काढलं. दुसऱ्या कुणी ते विकत घेऊन पांढरं रंगवलं होतं आणि त्या वेळी ते अरबी समुद्रावरून चाललं होतं. "बाबा, पाहा, उडून राह्यलं! मेलं कुठं?"

भाऊजींनी चष्मा लावून ते बोटभर विमान बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पण म्हणाले, "मेलेल्या बैलाची घंटी दुसऱ्याच्या गळ्यात बांधली, म्हनून तो जिता होते काय?"

दुसरा प्रयत्न गुरुजींचा. गुरुजी म्हणाले, कंपनीला ना गोत्र ना देह, सुतक लागतच नाही. भाऊजींनी त्यांना शांतपणे विचारलं, मग तिच्या नावानं आपण दर वर्षी सत्यनारायण केला तेव्हा संकल्पात तुम्ही काय म्हणालात? गुरुजींना आठवलं, होल्यांच्या गोत्रात त्यांनीच तिचं नाव घेतलं होतं. त्यांनी पाणी मागितलं.

शेवटी लपवून ठेवण्यात अर्थ नाही म्हणून मीच पुंजाजींना खरं सांगितलं. त्यांनी अंजनगावच्या गाडीची वेळ विचारली. मग म्हणाले, "भेटाले येतो."

ते दुसऱ्याच दिवशी आले, दुर्गाबाईंना हाताला धरून. भाऊजी रिकाम्या शेडमध्ये बसले होते, पुंजाजी त्यांच्यासमोर रिकाम्या पेटीवर टेकले. मी मनात त्यांच्या शिव्यांची तयारी करून ठेवली होती. पुंजाजींनी घसा साफ केला आणि मयताच्या घरी भेटायला आलेला माणूस विचारतो तोच प्रश्न विचारला, "कशानं गेली?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. भाऊजींचा बांध फुटला. "ते दोघं भाऊ गेले. पोरायनं वाटन्या केल्या अन् सारं एका पैसेवाल्याले इकलं. त्यानं काय केलं, सारे विमानं इकले अन् तेच विमानं पुन्हा भाड्यानं आनले! आपलीच बैलजोडी इकून तिचंच भाडं भरत राह्यचं! लॉकडाऊनमदी मानसायचे विमानं बंद होते तं माल वाह्याले हेच होते. भाव चढला. तो पाहून यायनं आनखी विमानं सांगतले. मंग भाव पडला..." त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"आमच्या गल्लीतही असंच झालं होतं एकाचं," पुंजाजी म्हणाले. "घर इकलं अन् त्यातच भाड्यानं राह्यला. लय दिवस नाई टिकला." मग पेटी पुढं ओढून ते म्हणाले, "भगवंतराव, तुमचं दुःख मी खोटं म्हनत नाई. पन वरातीच्या तोंडावर गाडीचा बैल मेला तं आपन लगन थांबवत नाई, दुसरा बैल जुपतो. मी वर्ष थांबू शकत नाई. हिले आताच मानसाचं तोंड नीट दिसत नाई. तुमाले जमत नसन तं तसं सांगा, आमी मोकळे."

पाणी घेऊन आलेली प्रतीक्षा तांब्यासकट दाराआडच थांबलेली मला दिसली. भाऊजींनाही दिसली असावी. तेवढ्यात पाहुणे आल्याचं ऐकून आलेल्या गुरुजींनी, कदाचित सत्यनारायणाची भरपाई म्हणून, वाट काढून दिली. पुढं मंगलकार्य असेल तर तेरवीलाच वर्षाचंही उरकून घेता येतं, म्हणाले. त्याला मुभा आहे.

"मंग तेरवी बराबर होईन," भाऊजी म्हणाले. "पंगत होईन. अन् आपल्यात शेवटी सोयरे टोपी घालून दुखवटा सोडवतात. ही टोपी तिच्या घरची हाये. तिच्याच घरच्या मानसानं माह्या डोक्यावर ठेवली तं मी मोकळा." हे शेवटचं शास्त्र त्यांनी तिथं बसल्या बसल्या स्वतः तयार केलं, पण चांगलं चाललेलं बिघडवायला नको म्हणून कोणी बोललं नाही.

आता हालस्टरच्या घरचं माणूस आणायचं कुठून? नागपूरचा एजंट फोन उचलत नव्हता, त्याला देणेकरी शोधत होते. वाउटर बेल्जियमला. प्रतीक्षानं बापाचा मोबाइल घेऊन नावं चाळली आणि एका नावाशी थांबली: "मंजुषा विमान." ही कंपनीच्या नागपूर ऑफिसातली बुकिंगची मुलगी. विमानाच्या दिवशी हिचा फोन यायचाच, "काका, पेट्या निघाल्या का?" इतकी वर्षं बोलणं झालं, दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. प्रतीक्षानं तिला फोन केला. काय सांगितलं मला माहीत नाही, पण ती येते म्हणाली.

तेरवीच्या दिवशी शेडमध्ये कॅलेंडरवरचं विमान चौकटीत घालून ठेवलं होतं, त्याला आमच्याच बांधावरचा झेंडूचा हार. समोर समई. बाहेर वांगं-आलूची भाजी, पोळी, वरण-भात, बुंदी. तेरवीला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यामुळं गाव लोटला. शेजारच्या खेड्यातला एक म्हातारा माझ्या शेजारी बसून बुंदी खात हळूच म्हणाला, "बाई किती वर्साच्या होत्या?"

"साठीच्या आसपास," मी म्हणालो.

"म्हनजे लय नाई," तो हळहळला आणि आणखी बुंदी मागितली.

दुपारी अमरावतीकडून आलेल्या एस.टी.तून मंजुषा उतरली. पस्तिशीची, खांद्याला ऑफिसची पर्स. शेडच्या दारात आली, हार घातलेलं विमान तिनं पाहिलं आणि तिचा चेहरा पालटला. "ही काय थट्टा चालवलीय?" ती म्हणाली. पंगतीतले हात पानावरच थांबले. भाऊजी उठून उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडले. मला वाटलं, ही आता पाय आपटत निघून जाणार, आणि आमचं लग्नही तिच्या मागोमाग.

सोयरे म्हणून पुंजाजींबरोबर आलेल्या दुर्गाबाईंना तिचा चेहरा दिसत नव्हता. त्यांना इतकंच कळलं की मयताच्या घरची लेक आली, आणि अशा वेळी बाईमाणसानं काय करायचं असतं ते त्यांना पाठ होतं. त्या चाचपडत उठल्या, मंजुषाच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनी गळा काढला. "कशी गेली वो माय, भरल्या घरातून! पाखराचं घरटं मोडलं वो माय! तुले उघडं टाकलं वो! आता मिरची कोन नेईन वो माय!"

मंजुषा आधी हसली. मिरचीशी आल्यावर तिला हसू आवरलंच नाही. मग ते हसणं मध्येच कुठंतरी मोडलं आणि ती त्या आंधळ्या होत चाललेल्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडू लागली.

"एक मेल आला आजी," ती म्हणाली. "सकाळी मेल आला आणि दुपारी कॉम्प्युटर बंद झाला. कोणी साधा फोन केला नाही. घरी सांगितलं तर म्हणाले, दुसरी शोध. इतकी वर्षं काम केलं मी तिथं. कोणी विचारलंसुद्धा नाही, तुला कसं वाटतंय म्हणून."

"रड माय, रड," दुर्गाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. ताईनं पाणी आणलं. बाया तिच्याभोवती बसल्या, तिनं बाबांना किंवा बहिणीला गमावलं असतं तर बसल्या असत्या तशाच. मी इतका वेळ या सगळ्याला वेडेपणा म्हणत होतो. त्या बायांकडे बघताना मला तो शब्द काही केल्या आठवेना.

जेवण झाल्यावर भाऊजी तिच्यासमोर पाटावर बसले. तिनं ती निळी टोपी झटकली, पाखराच्या पंखावरून एकदा बोट फिरवलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्यावर ठेवली. डोळे पुसत म्हणाली, "काका, पेट्या निघू द्या आता." फोनवरचा तिचा तोच आवाज ऐकून भाऊजी सवयीनं म्हणाले, "निघाल्या बाई, निघाल्या." दाराआडून प्रतीक्षा धावत आली आणि तिनं बापाला टोपीसकट मिठी मारली. संध्याकाळच्या भाजीला ताईनं इतकी कडकडीत फोडणी दिली की गल्लीभर ठसका लागला.

लग्न ठरल्या दिवशी लागलं. मंजुषा आली होती, मुलीकडून. वाउटरनं तिच्या मोबाइलवर निरोप धाडला होता की त्यानं गावी दोन घोडे घेतलेत आणि पान पुन्हा कधीही खाणार नाही.

मुहूर्ताच्या थोडं आधी मी आतल्या खोलीत तयार उभा होतो. आमच्यात मामानं नवरीला उचलून मांडवात आणायची रीत आहे. प्रतीक्षा काही भेंडीची पेटी नव्हती, आणि माझं वय झालेलं, म्हणून मी देवाचं नाव घेत कंबर सैल करत होतो. टेलरनं सदरा या खेपेला झकास शिवला होता. कुठं काचत नव्हता. तेवढ्यात भाऊजी आत आले, डोक्यावर निळी टोपी, हातात स्टीलची डबी.

"भाऊजी, नाई!" मी ओरडलो. "नवा सदरा हाये!"

"काढाले वेळ नाई आता," ते म्हणाले, आणि गळ्याशी हात घालून त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांना लोणी-हळद चोळली. इतक्या वर्षांत गाडीभर माणसं रोज वाहिली मी. उतरताना लोक घंटी मारायला सांगायचे, सुट्ट्यासाठी भांडायचे, कित्येक जण तर मागं वळूनही बघायचे नाहीत. तक्रार नाही, नोकरीच ती.

भाऊजी माझ्यासमोर उभे राहिले, दारापलीकडे हिरव्या शालूत बसलेल्या त्यांच्या पोरीकडे एकदा पाहिलं आणि हात जोडून मला म्हणाले, "शेषराव, आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

बाहेर गुरुजी मामाला हाका मारत होते आणि मला पुढचं काही दिसत नव्हतं. मी तसाच गेलो आणि पोरीला उचललं. दुर्गाबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, मी प्रतीक्षाला आधी त्यांच्यापाशी नेलं. त्यांनी तिचा चेहरा अगदी जवळ ओढून घेतला, नीट पाहिला आणि म्हणाल्या, "दिसली."

सदऱ्यावरचा तो पिवळा डाग गेला नाही. माझी बायको दोन-तीनदा घासायला बसली, मग मीच तिला थांबवलं.